धूर कोणाच्या नावे?

वाणिज्य शाखेत पाऊल ठेवणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात एक नियम पाठ करावा लागतो. प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात. एकाच्या खाती रक्कम जमा झाली की दुसऱ्या कुठल्या तरी खाती तेवढीच नावे पडते, आणि दोन्ही बाजूंची बेरीज जुळेपर्यंत वही मिटायची नाही. त्याच आठवड्यात, पुढच्याच तासाला, अर्थशास्त्राचे सर सांगतात की हवा ही 'मुक्त वस्तू' होय. ती मुबलक आहे, तिला किंमत नाही, सबब अर्थशास्त्र तिचा विचार करीत नाही. परीक्षेत दोन गुणांसाठी आपण हे उदाहरण निमूटपणे लिहून येतो.

माझे म्हणणे एवढेच की ही दोन वाक्ये एका वहीत सुखाने नांदू शकत नाहीत. हवा फुकट असेल, पण हवा बिघडवणे फुकट नाही. धूर सोडणाऱ्याचे जे पैसे वाचतात ते कोणाच्या तरी नावे पडतातच. ते खाते कोणाचे, एवढा प्रश्न विचारला तरी प्रदूषणाचा विषय विज्ञान शाखेच्या प्रयोगशाळेतून निघून आपल्या वर्गात येऊन बसतो.

हा विचार काही आजचा नव्हे. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ ए. सी. पिगू यांचा 'द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर' हा ग्रंथ १९२० साली प्रसिद्ध झाला. कारखान्याच्या धुरामुळे समाजाला पडणारा भुर्दंड कारखानदाराच्या हिशेबात येत नाही, हे त्यात त्यांनी मांडले. त्या ग्रंथात एक नोंद आहे, ती मला फार आवडते. मँचेस्टर हे धुराचे शहर, तर हॅरोगेट हे स्वच्छ हवेचे गाव. १९१८ साली मँचेस्टरच्या वायुप्रदूषण सल्लागार मंडळाने दोन्हीकडच्या शंभर-शंभर कामगार घरांना विचारले, की तुमच्याकडे आठवड्याचे कपडे धुण्याला खर्च किती येतो? मँचेस्टरच्या घराला हॅरोगेटपेक्षा आठवड्याला साडेसात पेन्स जास्त लागत होते. साडेसात पेन्स म्हणजे काय मोठेसे! पण साऱ्या शहराची बेरीज केली तेव्हा ती वर्षाला दोन लाख नव्वद हजार पौंडांच्या वर गेली. गिरणीचा मालक धुराड्यातून काजळी सोडून जे वाचवीत होता, ते त्याच्याच कामगाराची बायको साबणात आणि सरपणात भरत होती.

या हिशेबातली खरी मेख मात्र पुढे आहे. ही रक्कम केवळ साबण आणि जळण यांची होती. जास्तीचे कपडे घासायला त्या बायकांना जे जास्तीचे श्रम पडले, ते त्यात धरलेच नव्हते, आणि तसे तिथे स्पष्ट नमूदही केले आहे. शंभर वर्षांनंतर आपण हिशेब करतो तेव्हा तरी ते धरतो का?

आजचे आकडे पाहू. 'लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ' या नियतकालिकात डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात भारतात १६ लाख ७० हजार मृत्यू हवेच्या प्रदूषणाशी निगडित होते. एकूण मृत्यूंच्या तुलनेत हे प्रमाण शेकडा १७.८ भरते. अकाली मृत्यू आणि आजारपण यांमुळे बुडालेल्या उत्पादनाची किंमत ३६.८ अब्ज डॉलर, म्हणजे सुमारे २ लाख ६० हजार कोटी रुपये काढली गेली. ती राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेकडा १.३६ होती. उलट जागतिक बँकेच्या २०१६ च्या अहवालात भारताचे २०१३ सालचे नुकसान राष्ट्रीय उत्पन्नाच्या शेकडा साडेसातच्याही वर दाखवले आहे.

एकाच देशाच्या दोन आकड्यांत एवढी तफावत का? वर्षे निराळी आहेत हे खरे. पण मुख्य फरक मोजपट्टीचा आहे. पहिल्या रीतीत माणूस गेला किंवा आजारी पडला तर त्याचे उत्पादन किती बुडाले हे पाहतात. दुसऱ्या रीतीत मरणाचा धोका टाळण्यासाठी माणसे किती मोल द्यायला तयार होतील, याचा अंदाज घेतात. दोन्ही रीती शास्त्रशुद्ध आहेत, पण दोन्हींत एक कडू गोष्ट दडलेली आहे. ज्याची कमाई कमी त्याचे फुप्फुस स्वस्त, आणि ज्याची ऐपत कमी त्याच्या श्वासाची बोली कमी! मग जिची कमाई कागदावर शून्य आहे तिचे काय? हा प्रश्न सोडवायला मी वाचकांना दिल्लीला नेणार नाही. दिल्लीचे धुके वर्तमानपत्रात दर हिवाळ्यात येतेच. मी नेणार आहे ते राजेगावला.

राजेगाव हे माझे आजोळ. मध्य प्रदेशच्या बालाघाट जिल्ह्यात, बाघ नदीच्या काठी, गोंदिया-बालाघाट रस्त्यावरचे गाव. पूल ओलांडला की महाराष्ट्र. घरात मराठी, बाजारात हिंदी. माझे वडील इकडे बिडीच्या धंद्यात कारकून. तेंदूपानाच्या खरेदीच्या निमित्ताने त्या मुलखात जाणे-येणे पडले आणि तिथेच सोयरीक जुळली. चोहीकडे धानाची शेते. बालाघाटला मध्य प्रदेशचे धानाचे कोठार म्हणतात, आणि पलीकडचे गोंदिया धानाच्या गिरण्यांसाठी प्रसिद्ध आहे. अशा गावात हवेच्या प्रदूषणाची गोष्ट काढली तर माणसे हसतील. इथे कसले प्रदूषण? झाडी आहे, नदी आहे, मोटारी मोजक्या.

पण आजीच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकले की डोळे चुरचुरतात. भिंत वरपर्यंत काळी, छपराच्या वाशांना काजळीचा लेप. सरपण, काटक्या, तुऱ्हाट्या, पावसाळ्यात ओल्या गोवऱ्या. आजीने आयुष्यात बिडी ओढली नाही, तरी तिला बिडी ओढणाऱ्यासारखा खोकला आहे. घरातील कोणालाही त्याचे नवल वाटत नाही. 'वय झाले' एवढे म्हटले की ते खाते बंद होते.

वैद्यकशास्त्राने मात्र ते कधीच उघडले आहे. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती यांनी १९५० च्या दशकात दिल्लीत फुप्फुसाच्या जुनाट विकारामुळे होणाऱ्या हृदयरोगाचा अभ्यास केला. पुरुषांत धूम्रपान कितीतरी जास्त असूनही हा रोग बायकांत पुरुषांइतकाच दिसत होता. संशयाचे बोट वळले ते चुलीच्या धुराकडे. २००९ साली पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी 'लॅन्सेट'मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या दमकोंडीच्या रोगावर लेख लिहिला. तंबाखू ओढणारे जगात सुमारे १०० कोटी, तर लाकूड, शेण, काडीकचरा यांचा धूर घरात सोसणारे सुमारे ३०० कोटी, हा हिशेब त्यात आहे. या धुरातील सर्वांत घातक भाग म्हणजे पीएम २.५ नावाचे कण. त्यांचा व्यास अडीच मायक्रॉन किंवा त्याहून कमी, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे तिसावा हिस्सा. नाकातले केस त्यांना अडवीत नाहीत. ते फुप्फुसाच्या तळाशी जातात आणि काही रक्तातही उतरतात. दमा, हृदयविकार, पक्षाघात, मोतीबिंदू, लहान मुलांचा न्यूमोनिया, जन्मतः कमी वजनाची बाळे, इतक्या ठिकाणी त्यांचा माग लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमवर आणली. आपल्या देशाचे २००९ चे मानक ४० आहे. आणि चुलीपुढे, वारा खेळत नसलेल्या खोलीत, ही पातळी सुरक्षित मर्यादेच्या शंभरपटही जाऊ शकते, असे हीच संघटना सांगते.

आता आपल्या विषयाकडे वळू. राजेगावात कोणालाही विचारा, चूल का? उत्तर मिळते, 'लाकूड फुकट आहे.' परिव्यय लेखांकनाच्या विद्यार्थ्याने हे उत्तर तपासून पाहावे. समजा, सरपण आणणे, फोडणे, चूल पेटवणे, फुंकणे आणि भांड्यांची काजळी घासणे या सर्वांत बाईचे रोजचे दोन तास जास्तीचे जातात. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर सहाशे तास झाले. आठ तासांचा दिवस धरला तर पंचाहत्तर दिवस. २०२४-२५ मध्ये मध्य प्रदेशात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २४३ रुपये होती. त्या दराने पंचाहत्तर दिवसांचे १८,२२५ रुपये होतात. आता दुसरी बाजू. वर्षाला आठ सिलिंडर, आणि सवलत न धरता एकाची किंमत ९०० रुपये मानली तर ७,२०० रुपये. म्हणजे 'फुकट'चे लाकूड गॅसच्या अडीचपट महाग पडले. खोकल्याचे औषध, तालुक्याला जाण्याचे भाडे, बुडालेली मजुरी ही खाती अजून उघडलेलीच नाहीत.

माझ्या एका वर्गबंधूने हा हिशेब वाचून लगेच हरकत घेतली, आणि ती रास्त आहे. त्या सहाशे तासांना गिऱ्हाईक कुठे आहे? वाचलेल्या वेळेत गावात काम मिळणार नसेल तर ते १८ हजार केवळ कागदावरचे. सिलिंडरचे ९०० मात्र आज, रोख, एकरकमी हवेत. खरी गोम हीच आहे. गरीब घर हिशेबात कच्चे नसते. ते आपल्यापेक्षा पक्का हिशेब करते, पण ज्या वहीत रोख रकमेशिवाय काही लिहिताच येत नाही अशा वहीत. त्या वहीत बाईचा वेळ शून्य, तिचा श्वासही शून्य. तेव्हा दोष आजीच्या अडाणीपणात शोधू नये; वहीच्या आखणीत शोधावा.

ही आखणी सरकारी कागदातही दिसते. प्रधानमंत्री उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि कोट्यवधी घरांत गॅस पोहोचला. हे काम मोठे आहे आणि ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. ज्या आजोळाविषयी लिहिते आहे तिथेही लाल टाकी आहे; ती पाहुणे आले की पेटते. उज्ज्वलाच्या घरांनी २०१९-२० मध्ये सरासरी तीनच्या आसपास टाक्या भरून घेतल्या, २०२३-२४ मध्ये चारच्या आसपास. पूर्ण स्वयंपाक गॅसवर करायचा तर याच्या जवळजवळ दुप्पट लागतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये टाकीमागची सवलत ३०० रुपये झाली, त्याने भार थोडा हलका झाला. पण जाहिरातीत आकडा येतो तो जोडण्यांचा. धूर किती कमी झाला हे सांगतो तो भरलेल्या टाक्यांचा आकडा. दुकानदार गल्ला मोजताना दुकानात किती लोक येऊन गेले ते मोजत नाही, विक्री मोजतो.

नदीच्या दोन काठांचे आकडेही बोलके आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) स्वयंपाकाला स्वच्छ इंधन वापरणारी घरे महाराष्ट्रात शेकडा ८० च्या आसपास, मध्य प्रदेशात शेकडा ४० च्या आसपास आढळली. यावरून पूल ओलांडताच धूर निम्मा होतो असे कोणी समजू नये. महाराष्ट्राच्या सरासरीत मुंबई आणि पुणे आहेत. सरासरी ही फार सोयीची वस्तू आहे. तिच्या पदराखाली गोंदियाची खेडीही झाकली जातात. वाऱ्याला तर राज्याची हद्दच ठाऊक नाही. १९५६ पर्यंत हे दोन्ही काठ एकाच मध्य प्रदेशात होते, तेव्हाही धूर तोच होता.

यावर काही सुशिक्षित मंडळी म्हणतील, आधी विकास होऊ द्या, हवेचे मग पाहू. इंग्लंडनेही तसेच केले. इंग्लंडने काय केले ते नीट पाहावे. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत लंडनवर कोळशाच्या धुराचे दाट धुके बसले. त्या वेळी बळींची संख्या चार हजार सांगितली गेली. पुढील संशोधनाने ती बारा हजारांच्या घरात नेली. १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा झाला. म्हणजे मँचेस्टरच्या धुण्याचा हिशेब लागल्यावर अडतीस वर्षांनी! हिशेब माहीत होता, पण तो गरिबांच्या खाती असल्याने कोणाला घाई नव्हती. आपण या विलंबाचे अनुकरण करायचे की त्यापासून शिकायचे?

शिवाय आपल्याकडे धूर केवळ कमी होत नाही, तर घर बदलतो आहे. वर सांगितलेल्या लॅन्सेटच्या अभ्यासानुसार १९९० ते २०१९ या काळात घरातील धुरामुळे होणाऱ्या मृत्यूंचा दर शेकडा ६४ ने घटला. पण बाहेरच्या हवेतील कणांमुळे होणाऱ्या मृत्यूंचा दर शेकडा ११५ ने वाढला. एका खात्यातून काढून दुसऱ्यात भरले. गोंदिया जिल्ह्यात तिरोड्याला ३,३०० मेगावॅटचे कोळशावरचे वीज केंद्र आहे. वीज आपल्या सर्वांना हवी, मलाही हवी. प्रश्न तिच्या किमतीचा आहे. कोळशाच्या वीज केंद्रांतून निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडवर केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये मर्यादा घातली आणि दोन वर्षांची मुदत दिली. मुदत पुनःपुन्हा वाढत गेली, आणि जुलै २०२५ मध्ये देशातील बहुसंख्य केंद्रांना त्या अटीतून सूट मिळाली. आपल्या कोळशात गंधक कमी असते आणि यंत्रे महाग पडतात, असे त्यामागचे कारण. यंत्रे महाग आहेत हे खरेच. पण हा वायू हवेत सूक्ष्म कणांत रूपांतरित होऊन दूरवर जातो. यंत्र न बसवल्याने वाचलेला पैसा कंपनीच्या ताळेबंदात दिसेल. दवाखान्याच्या रांगेत गेलेला दिवस कोणाच्याच ताळेबंदात दिसणार नाही. आजीच्या चुलीचा आणि या धुराड्याचा आकार कितीही वेगळा असो, हिशेबाची चलाखी एकच आहे.

आपल्या कॉलेजच्या परिसरातील वाचकांना राजेगाव फार दूरचे वाटेल. पण बिडीने ते जोडलेले आहे. पान त्या जंगलातले, तंबाखू निपाणीकडची. कन्नड विभागातील मित्रांना सांगायला नकोच की तंबाखूला कन्नडमध्ये 'होगेसोप्पु' म्हणतात, म्हणजे धुराचा पाला. हा पाला पेटण्याआधीच बाईच्या छातीत उतरतो. निपाणीच्या तंबाखू कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांवर 'युगांतर' या गटाने १९८२ साली चित्रपट काढला होता. तंबाखूच्या खकाण्यात बसून केलेल्या कामाची ती कहाणी आहे. बिडीच्या बंडलावर किंमत छापलेली असते, सरकारी इशाराही छापलेला असतो. पण तो इशारा ओढणाऱ्यासाठी आहे. वळणारीच्या फुप्फुसाचा घसारा त्या किमतीत कुठेही धरलेला नाही. यंत्राचा घसारा काढायला आपण तीन पद्धती शिकतो, माणसाचा काढायला एकही नाही.

मग करावे काय? मोठमोठ्या सूचना करण्याचा माझा अधिकार नाही. हवेचा कायदा १९८१ पासून आहे, पण त्याची नजर धुराड्यांवर आहे. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला, त्याची यादी शहरांची आहे. खेडे त्यात नाही. हे सुधारणे मोठ्यांचे काम. माझ्या दोन छोट्या मागण्या आहेत.

पहिली सरकारकडे. गॅसचे यश जोडणीने मोजू नका, भरलेल्या टाकीने मोजा. पाच किलोची छोटी टाकी निघालेली आहे. ती मजुराला आठवड्याच्या मजुरीतून, हप्त्याने, गावातच मिळू द्या. ज्या घरात पैसा आठवड्याने येतो तिथे खर्चही आठवड्याचाच झेपतो. पुण्याच्या 'आरती' या संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने, सुधारित चुली आणि खरकट्यावर चालणारे बायोगॅस संयंत्र लोकांपर्यंत नेले. गॅस जिथे परवडत नाही तिथे असे मधले मार्गही टाकाऊ समजू नयेत.

दुसरी मागणी आपल्याच वाणिज्य विभागाकडे. आपण दरवर्षी प्रकल्पासाठी एखाद्या बँकेच्या शाखेत जातो, माहितीपत्रके गोळा करतो आणि त्यांनाच पुठ्ठा घालून देतो. यंदा त्याऐवजी शंभर घरे घ्यावीत. मँचेस्टरच्या मंडळानेही शंभरच घेतली होती. मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या विद्यार्थ्यांच्या जोड्या कराव्यात, म्हणजे कोणत्याही घरी प्रश्न अडणार नाही. इंधन कोणते, सरपणाला वेळ किती, टाकी वर्षातून किती वेळा भरली, खोकला कोणाला, औषधाला खर्च किती, मजुरी किती दिवस बुडाली, असे सहा प्रश्न पुरेत. आणि सातवा प्रश्न मँचेस्टरने सोडून दिलेला: श्रम कोणाचे? याला ना यंत्र लागते ना अनुदान. वही आणि पेन्सिल लागते, आणि चुलीपाशी दहा मिनिटे बसण्याची तयारी.

जे मोजले जात नाही त्यासाठी कोणी पैसे काढीत नाही, हे आपल्या शाखेइतके कोणाला ठाऊक असणार? शंभर घरांच्या त्या हिशेबाने धूर लगेच थांबेल असे मी म्हणत नाही. पण तो कोणाच्या नावे पडतो आहे, ते तरी लिहिले जाईल. एकदा लिहिलेली रक्कम पुसायची झाली तर कारण द्यावे लागते.